काटा बरोबर होता

जळालेली मोटार घेऊन दुकानात येणारा माणूस सहसा खरं सांगत नाही. "आत्ता चालू होती, एकदम बंद पडली," एवढंच म्हणतो. मी मोटार खोलतो. तीनपैकी दोन फेजच्या कॉइल कोळसा झालेल्या आणि तिसरी नव्यासारखी चकचकीत दिसली, की समजायचं, रात्री एक फेज गेली होती आणि गडी मोटार चालू ठेवून झोपला होता. मी काही बोलत नाही. "होतं असं," म्हणतो आणि तांब्याची तार तोलायला घेतो. देवगाव रंगारीत सव्वीस वर्षं हा धंदा करतोय. माणसाचं खोटं आणि यंत्राचं खरं एकाच टेबलावर बघायची सवय झाली आहे. गावात माझ्याबद्दल एक समज आहे, की हा माणूस मीटरला धरून बोलतो. हा समज मलाही आवडत आला आहे.

आमचा मुलूख कोरडा. पाऊस बरा झाला तर कापूस, मका, अद्रक. नाही झाला तर टँकर. पण ज्या वर्षी पाणी असतं त्या वर्षी विहिरी भरतात आणि पोरं दिवसभर त्यांत पडलेली असतात. मी पाठीला तेलाचा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो, आमच्याच मळ्यातल्या मोटेच्या विहिरीत. मोट केव्हाच गेली होती, धाव तेवढी शिल्लक होती. त्या धावेवरून पळत येऊन मुटका मारायचा. दहा वर्षांचा होईपर्यंत मी तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायला लागलो. पुढे पाइपाच्या तोंडाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, कचऱ्याने अडकला की आसपासच्या मळ्यांतून मलाच हाक यायची. पाण्याखाली दम धरणारा पोरगा म्हणून माझं नाव झालं होतं.

त्या नावामागची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत पैज लागली, सगळ्यात जास्त वेळ खाली कोण राहतो. त्या विहिरीच्या एका अंगाला, पाण्याच्या पातळीलाच, एक कपार होती. वर पिंपळाचं झुडूप वाढून तिचं तोंड झाकलं गेलं होतं. मी बुडी मारली, पाण्याखालून सरकत कपारीत गेलो आणि नाकापुरतं डोकं वर काढून आरामात श्वास घेत बसलो. काठावर पोरं मोजत होती. शंभरापर्यंत आवाज चढे होते, दीडशेच्या पुढे ते बारीक झाले, मग कोणीतरी रडायला लागलं. तेवढ्यात काका कपड्यांसकट विहिरीत उतरले. लोखंडी पायरीवरून घसरून त्यांची नडगी फाटली, ते मला कपारीतून दिसत होतं. तरी मी लगेच बाहेर आलो नाही. आणखी थोडं थांबून परत बुडी मारली आणि मधोमध वर आलो. काकांनी आधी मुस्काटात दिली, मग छातीशी धरलं. "दोनशे मोजले रे!" असं पोरं गावभर सांगत सुटली. काका आता नाहीत. त्यांच्या नडगीवर शेवटपर्यंत पांढरा व्रण होता आणि पाहुण्यांना ते तो कौतुकाने दाखवायचे, पुतण्याच्या दमाचा पुरावा म्हणून.

मागच्या फेब्रुवारीपर्यंत ही गोष्ट मी पोरखेळात जमा करून टाकली होती.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. पाण्याचं वेड तिनं माझ्याकडून घेतलं. आम्ही दोघं पहिल्यांदा समुद्राखाली गेलो ते मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीने नेतात, अंगावर सिलिंडर चढवतात आणि एक पोरगा मागून धरून आपल्याला खाली फिरवून आणतो. १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य त्याच भागात आहे. मासे हातावर येतात, फोटो निघतो, आणि जमिनीवर आल्यावर माणूस स्वतःला पाणबुड्या समजायला लागतो. मला ते मागून धरणं आवडलं नाही. दहा वर्षांचा असताना ज्याने गाळ काढला त्याला कोणी पकडून फिरवावं, हे मनाला लागलं. आता वाटतं, सगळ्याची सुरुवात तिथेच असावी.

रीतसर शिकायचं ठरलं तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, होडीतून नको. आपण किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाऊ." कोकणात ते फारसं जमत नाही. किनाऱ्यालगत लाटा वाळू ढवळत असतात, पाणी बहुधा गढूळ, आणि बघण्यासारखं जे आहे ते आत, खडकांपाशी; पावसाळ्यात तर सगळंच बंद. म्हणून मागच्या फेब्रुवारीत अंदमान. २०१८ साली ज्याचं नाव स्वराज द्वीप झालं त्या हॅवलॉक बेटावर वाळूतून चालत गेलं की थोड्याच अंतरावर प्रवाळ सुरू होतं. निमो रीफ म्हणतात त्या जागेला. नवशिके तिथेच शिकतात. मला एक गंमत वाटली होती. आमच्या भागातलं पाणी कोकणात जातच नाही. शिवना गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या मळ्याचं वाहून गेलेलं पाणी जिकडे जातं तिकडेच आम्ही निघालो होतो.

चार दिवसांच्या शिकवणीत पहिल्याच तासाला जो नियम सांगितला त्याने माझी विहीर उलटी केली. श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. ती खाली दाबली जाते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते, बिघडत काही नाही. सिलिंडरची हवा मात्र खालच्या दाबाने छातीत येते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेऊन श्वास कोंडला आणि तसाच वर सुटलो, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. ज्या एका गुणावर माझं सगळं नाव उभं होतं, तो इथे जीवघेणा होता. मी मान डोलावली. मोटारवाल्याला दाब कळतो. पण कळणं डोक्यात राहिलं, हाडात विहीरच होती.

बाकी सगळं मी नीट शिकलो, हेही सांगायला हवं. आत जायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघायचा, मोठ्या लाटा किती वेळाने येतात ते मोजायचं, पाणी किनाऱ्याला आडवं कुठे ओढतंय ते पाहायचं आणि बाहेर कुठून पडायचं ते आधी ठरवायचं. ओहोटीला तिथले खडक उघडे पडतात, म्हणून वेळ भरतीची. जोडीदाराचे पट्टे, हवा, वजनं आपण तपासायची आणि आपली त्याने. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात, विझला तर उतरायचं नाही. त्याच जातीची ही रीत. कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांच्या खांद्याचा आधार घेऊन फिन्स चढवायच्या, मास्क आणि नळी तोंडावरून काढायची नाही, आणि लाटेकडे पाठ करून कधी उभं राहायचं नाही. आरोग्याच्या फॉर्मवरही मी सगळं खरं लिहिलं होतं, अगदी रक्तदाबाच्या गोळीपर्यंत, आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडली होती. कागदावर मी खोटं बोलत नाही. ते बोटांनी बोललो.

प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीची बुडी. आम्ही दोघं, कोलकात्याचं एक तरुण जोडपं आणि गाइड. गाइड पोरगा करेन होता. १९२५ च्या सुमाराला ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात वसवलेली ही जमात. समुद्रात त्यांचा हात धरणारं कोणी नाही असं तिथे सगळेच म्हणतात. वय फार तर पंचवीस. बोलणं थोडं, पण पाण्याखाली मागे वळून बघणं सतत. किनाऱ्यावर त्याने हिंदीत ठरवून दिलं: ज्याचा हवा दाखवणारा काटा पहिल्यांदा शंभरावर येईल त्याने सांगायचं, तिथून सगळे परत फिरू. सुरुवातीला प्रत्येकाचा काटा दोनशेवर.

सात-आठ मीटर खोलीवर ते जग बघितलं, त्याचं वर्णन मी करत बसत नाही. प्रवाळाच्या एका भल्यामोठ्या गोळ्याशी समुद्रफुलाच्या बोटांत नारिंगी मासे लपाछपी खेळत होते, एवढं पुरे. मी तिथेच रमलो, हातपाय जास्त मारले, आणि अंगाने भरलेला माणूस, हवा भराभर खात होतो. गाइडने तळहातावर दोन बोटं टेकवून विचारलं, हवा किती? कोलकात्याच्या मुलाने १३० दाखवले, त्याच्या बायकोने १४०. माझ्या मुलीने १४०. मी काट्याकडे बघितलं. ९०.

म्हणजे शंभर केव्हाच होऊन गेले होते आणि मी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर माझ्यामुळे सगळ्यांची बुडी संपणार. पाण्यात वाढलेला, फुटबॉल काढणारा, दोनशे मोजेपर्यंत दम धरणारा माणूस सगळ्यात आधी हवा संपवणारा ठरणार, तेही मुलीसमोर. हा सगळा हिशोब करायला मला एक सेकंदही लागला नाही. मी एक बोट दाखवलं, मग दोन. १२०. आणि काटा छातीच्या बाजूला वळवला.

गाइड पुढे निघाला. सात-आठ मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. काटा साठावर होता. पहिलं खोटं सांभाळायला आता दुसरं लागलं. मी दोन्ही पंजे इंग्रजी टी अक्षरासारखे जोडून शंभरची खूण केली, वर अंगठा आणि तर्जनी जुळवून "ठीक" असंही दाखवलं. तो वळला.

परतताना पाणी आडवं ओढायला लागलं होतं. पाय मारावे लागत होते, आणि भीतीने श्वास आणखी मोठा होत होता. काटा ४० झाला, ३० झाला. सगळ्यांच्या नजरेला नजर देणं मी टाळत होतो. वीस झाल्यावर मूठ छातीवर आपटून मुलीला खूण केली, हवा संपत आली. तिने माझा काटा हातात घेऊन पाहिला. मास्कमागचे तिचे डोळे मी अजून विसरलेलो नाही. आणि त्याच क्षणी माझ्या हाडातलं ते पोरगं जागं झालं. छाती भर, तोंड मिट, वर सूट. मी खरंच श्वास कोंडला आणि पाय झाडले. मुलीने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि सोडला नाही. दुसऱ्या हाताने स्वतःची जादा नळी माझ्या तोंडाशी आणली आणि बोटांनी दाखवत राहिली: सोड, घे, सोड, घे. थोड्याच दिवसांपूर्वी ती ते शिकली होती. मीही तेच शिकलो होतो.

गाइड आला, त्याने नारिंगी फुगा वर सोडला, पाच मीटरवर तीन मिनिटं आम्हाला थांबवलं आणि सावकाश वर आणलं. किनारा बराच लांब राहिला होता. पाठीवर पडून पाय मारत आम्ही परतलो.

आता खरा भाग. वाळूवर पोचलो तेव्हा डायव्हिंग सेंटरचा मोठा माणूस उभा होता. त्याने माझा काटा पाहिला आणि गाइडवर ओरडला, "ध्यान किधर था? गेस्ट की हवा कौन देखेगा?" चार पाहुण्यांसमोर. माझी मुलगी मध्ये पडली, कारण ती न्यायाची आहे. म्हणाली, गाइडने दोनदा विचारलं होतं, पप्पांनी दोनदा सांगितलं होतं, शंभर दाखवले होते मी स्वतः पाहिलं, मग काटा एकदम खाली आला. यंत्रातच दोष असणार. तिला वाटलं ती त्या पोराला वाचवतेय. पण काटे तपासून देणं हेही त्याच्याचकडे होतं. मोठा माणूस आणखी चिडला.

कित्येक महिने मी स्वतःला सांगत होतो की मी फक्त गप्प बसलो. तेही खरं नाही. मी बोललो. ओल्या अंगाने, हातात शहाळं धरून, जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "अंदर बोर्डन ट्यूब होता है ना, उसमें पानी गया तो काँटा अटक जाता है. होता है ऐसा." वाक्य तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. सव्वीस वर्षांत कमावलेलं ज्ञान मी एका पोरावर आरोप पक्का करायला वापरलं. आणि शेवटचे शब्द तेच, जे मी जळालेल्या मोटारीवर शेतकऱ्याला म्हणतो.

पोरगा "सॉरी सर" म्हणाला. माझ्या काट्याला त्याने लाल टेप गुंडाळली आणि तो बाजूला ठेवला. जाताना एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्याला कळलं होतं याची मला खात्री आहे. अडकलेला काटा एकाच जागी राहतो. माझा तर मिनिटामिनिटाला इमानदारीने उतरत होता. पाण्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. अकरा लिटरच्या टाकीत दोनशे बारने साधारण २,२०० लिटर हवा. त्या खोलीवर माझ्यासारखा धापा टाकणारा माणूस मिनिटाला पंचेचाळीस लिटर खातो असं धरलं, तर एका बोटाने चोरलेले तीस बार म्हणजे सुमारे सव्वासात मिनिटं. कागद मी गल्ल्यात ठेवला आहे. गणित मांडल्याने बरं वाटलं, हे लक्षात आल्यावर त्याचीही लाज वाटली. आकड्यांत शिरलं की तो पोरगा दिसेनासा होतो.

मी मनाला विचारत राहिलो की हे भीतीने केलं का. भीतीने केलं असतं तर त्याला क्षमा असती. पण ९० वर काटा असताना मला कसली भीती होती? मी मजेत होतो. मला फक्त मुलीच्या डोळ्यांतला तो दोनशे मोजणारा बाप जपायचा होता. तिला ही गोष्ट लहानपणापासून झोपताना सांगितली आहे मी, कपार वगळून. म्हणजे समुद्रात मी नवीन खोटं बोललोच नाही. चाळीस वर्षांपूर्वीचंच पुढे चालवलं. तेव्हाही श्वासाबद्दल, आताही श्वासाबद्दल. तेव्हा काकांची नडगी फुटली, आता त्या पोराची चार माणसांत मान खाली गेली. दोन्ही वेळा मी कोरडा बाहेर आलो.

श्रावणात शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला गेलो. निजलेल्या मारुतीपुढे हात जोडून मनातल्या मनात सगळं सांगितलं, अगदी बोर्डन ट्यूबसकट. बाहेर येऊन चहा घेतला. तेव्हा जाणवलं की ज्याचं काही बिघडलं नाही आणि जो कोणाला सांगणार नाही, त्यालाच मी नेमका निवडलाय.

पावतीवर त्या सेंटरचा फोन नंबर आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकान बंद केल्यावर लावला. पलीकडून एक बाई हिंदीत म्हणाली, "जी, बोलिए." मी त्या पोराबद्दल विचारायला तोंड उघडलं. नावही आठवत होतं. "बुकिंग के लिए?" तिने विचारलं. "हां," मी म्हणालो. "जनवरी में कुछ खाली है क्या?" तिने तारखा सांगितल्या, मी पेन्सिलने लिहून घेतल्या, धन्यवाद म्हणालो आणि फोन ठेवला.

हे लिहितोय तेही मला पूर्ण सरळ वाटत नाही. कागदावर मी खोटं बोलत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण कागद ही सुद्धा एक कपारच आहे. इथे नाकापुरतं डोकं वर काढून मी आरामात श्वास घेतोय, आणि काठावरच्यांना अजून काही माहीत नाही.

दिवाळीला मुलगी आली ती एक खोकं घेऊन. आत नवा कोरा प्रेशर गेज, नळीसकट, पितळी जोडणीचा. पहिल्या पगारवाढीतून घेतलेला. "पप्पा, आता भाड्याच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तपासून बघा ना दुकानात, बरोबर दाखवतो का."

मी तो हातात घेतला. काटा शून्यावर स्थिर होता. दुकानातल्या कॉम्प्रेसरला लावून बघण्यासारखा नव्हता तो, आमच्या कॉम्प्रेसरच्या दाबाने जेमतेम हलला असता. ती माझ्या उत्तराची वाट बघत उंबऱ्यात उभी होती. आईने आतून तिला फराळाला हाक मारली, पण ती गेली नाही.

"बस इथं जरा," मी म्हणालो.